इको बंद ठेवा: नागपूरच्या आयोजकांना एका साउंडवाल्याचं खुलं पत्र

प्रति,
नागपुरातल्या महोत्सव समित्या, सभागृहांचे व्यवस्थापक, कॉलेजांचे सांस्कृतिक विभाग आणि गणेशोत्सव-शारदोत्सव मंडळांचे पदाधिकारी

सप्रेम नमस्कार.

तुमच्यापैकी अनेकांच्या कार्यक्रमांना मी साउंड दिला आहे. प्रेक्षागृहाच्या मागच्या टोकाला मिक्सर मांडून बसणारा तो मी. तुमचं-माझं बोलणं बहुतेक वेळा 'आवाज वाढवा' आणि 'पाहुणे आले, माइक चालू करा' एवढ्यावर आटोपतं. आज जरा सविस्तर बोलायचं आहे आणि एकट्यादुकट्या आयोजकाशी नाही, सगळ्यांशी बोलायचं आहे. म्हणून हे खुलं पत्र.

विषय एका अल्बमचा आहे. आपल्याच भागातल्या एका तरुण मुलीने नऊ गाणी लिहिली, त्यांना चाली दिल्या आणि गिटार वाजवत स्वतःच गायली. घरातल्या एका खोलीत, दारं-खिडक्यांवर गोधड्या टांगून, बारीक आवाजही टिपणाऱ्या एका कंडेन्सर माइकवर ती रेकॉर्ड केली. ढोलकी नाही, की-बोर्ड नाही, मागे कोरस नाही. सगळी मिळून अर्धा-पाऊण तास. फोनवर, हेडफोनवर आणि माझ्या दुकानातल्या मोठ्या स्पीकरवर ती मी इतक्यांदा ऐकली आहेत की कुठल्या कडव्याआधी ती श्वास घेते हेसुद्धा आता पाठ झालं आहे.

तिचं नाव मी इथे देत नाही. पत्र तिला विचारून लिहिलेलं नाही आणि तिच्यासाठी शब्द टाकावा एवढाच माझा हेतूही नाही. स्वतःची गाणी लिहून एकट्याने गाणारी पोरं-पोरी या शहरात आणखी आहेत. मागणं त्या सगळ्यांसाठी आहे आणि ते आधीच सांगून टाकतो: अशा गाण्याला एक लहान खोली द्या, ती खोली शांत ठेवा आणि गाणाऱ्याला मानधन द्या.

पण आधी गाण्यांबद्दल बोलू द्या. ती कशी आहेत हे कळल्याशिवाय खोली लहानच का हवी हे कळणार नाही.

दुसरं गाणं संत्र्याच्या बागेचं आहे. काटोल, नरखेड, वरुड, मोर्शी या पट्ट्यात कोणाला 'ताण' समजावून सांगावा लागत नाही. आंबिया बहार, म्हणजे उन्हाळ्याआधीचा फुलोरा, धरायचा असेल तर थंडीत बागेचं पाणी तोडतात. झाड मलूल होतं, पानं माना टाकतात, बघणाऱ्याला वाटतं बाग गेली. मग पाणी सोडलं की फूल येतं. किती दिवस ताण द्यायचा हे जमिनीवर अवलंबून असतं, भारी जमिनीला जास्त, हलकीला कमी, आणि ते बागवानाच्या नजरेला कळतं. गाण्यातला बाप तो हिशेब बोटांवर करतो. मुलगी शहरात नोकरीला आहे. फोनवर बाप बँकेच्या नोटिशीबद्दल बोलत नाही, डिंक्या रोगाने वाळलेल्या झाडांबद्दल बोलत नाही, 'जेवली काय?' एवढंच विचारतो आणि फोन ठेवतो. तीन कडवी ती नुसतं बागेचंच सांगते: आळं कसं कोरडं पडलं, विहिरीवरची मोटर कशी बंद आहे, फांदीची साल हाताला कशी लागते. चौथ्या कडव्यात पहिल्यांदा बापाकडे वळते आणि म्हणते, 'पाणी सोड ना आता, बा.'

बस. पुढे स्पष्टीकरण नाही. त्या ओळीला तिचा आवाज गिटारच्या खाली जातो. 'बा' हा शब्द जेमतेम उमटतो आणि त्याच्या आधी तारेवरून बोट सरकल्याचा एक खरखरीत आवाज येतो. स्टुडिओत असे आवाज कापून काढायची पद्धत आहे, आणि बहुतेक ठिकाणी ते बरोबरही असतं. इथे तो ठेवला हे फार चांगलं झालं. बोट थबकलं, सरकलं आणि मग शब्द आला, हे ऐकणाऱ्याला कळतं.

माझ्या दुकानात डीजेचे अँप्लिफायर दुरुस्तीला येतात. नरखेडकडचा एक पोरगा असाच अँप घेऊन आला होता. मी सोल्डरिंग करत होतो, हे गाणं चालू होतं. तो फोनवर काहीतरी बघत उभा होता. तिसऱ्या कडव्याला त्याने फोन खिशात ठेवला. गाणं संपल्यावर म्हणाला, 'भाऊ, पुन्हा लावता का?' लावलं. दुसऱ्यांदा ऐकून झाल्यावर त्याने कोण गाते ते विचारलं नाही. 'आमच्या इकडे यंदा लय ताण बसला,' एवढंच बोलला आणि पैसे देऊन गेला. दिवसरात्र डीजे वाजवणारा पोरगा होता तो. आपल्या पब्लिकला काय आवडतं याबद्दल तुम्ही आणि मी जे गृहीत धरून चालतो, ते एकदा तपासून बघायला हवं असं मला तेव्हापासून वाटतं.

तिच्या वाजवण्याबद्दल थोडं. तिच्या गिटारचं ट्यूनिंग नेहमीचं नाही. पहिली, दुसरी आणि सहावी तार ती एकेक पूर्ण सुराने खाली उतरवते. वाजवणारे याला डॅडगॅड म्हणतात. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला डेव्ही ग्रॅहम या ब्रिटिश वादकाने ते रूढ केलं. आपल्या पद्धतीने मांडलं तर जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत सूर होतात सा, प, सा, म, प, सा. यात गंधार, म्हणजे ग, नाही. गिटारचा नेहमीचा कॉर्ड धरला की शुद्ध किंवा कोमल गंधार आधीच ठरून जातो, आणि जात्यावरची किंवा भजनाची चाल त्यात अवघडून बसते. या ट्यूनिंगमध्ये खालचे सा-प घुमत राहतात आणि गंधार कुठे लावायचा हे गळ्यावर सोडलेलं असतं. ती तो कधी शुद्ध लावते, कधी कोमल, आणि दोन-तीन जागी दोन्हींच्या मधे कुठेतरी, तिची आजी लावत असेल तसा. एकतारीवर भजन म्हणणाऱ्या माणसाला ही मोकळीक ओळखीची असते. या मुलीला ती परदेशी वाद्यावर सापडली. म्हणून ही गाणी लोकगीताला गिटारची साथ दिल्यासारखी वाटत नाहीत. गाणं आणि वाद्य एकाच वेळी सुचलेलं आहे हे कानाला कळतं.

चौथं गाणं भुलाबाईचं आहे, म्हणजे भुलाबाईच्या डब्याचं. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली घरोघर जाऊन गाणी म्हणायच्या, टिपऱ्या वाजवायच्या आणि शेवटी डबा हलवून आतला खाऊ ओळखायचा. काही वस्त्यांत अजूनही म्हणतात. गाण्यातली बाई आता साठीला आली आहे. जुन्या मैत्रिणींची एकेक आठवण काढते आणि प्रत्येकीचा डबा मनातल्या मनात हलवून बघते. कोणाच्या डब्यात फुटाणे, कोणाच्या डब्यात सुरतेच्या गिरणीतल्या नवऱ्याची मनिऑर्डर, एकीच्या डब्यात नातवंडांचे दुधाचे दात. शेवटचा डबा हलवते तर आत काहीच वाजत नाही.

टिपरीचा ठोका ती गिटारच्या लाकडावर नखाने देते. अंगठा जाड तार छेडतो आणि त्याच हाताच्या अनामिकेचं नख वरच्या फळीवर पडतं. सबंध गाणंभर हा ठोका चालतो आणि शेवटच्या डब्याला थांबतो. फार बारीक आवाज आहे तो. हेडफोनवर स्वच्छ येतो. दुकानात बाहेरून ऑटो गेला की हरवतो. आणि तो हरवला तर ते गाणं अर्धं होतं, कारण शेवटचा डबा रिकामा आहे हे शब्द सांगत नाहीत, ठोका थांबतो तेव्हा कळतं.

मारबतीचं गाणं तर नागपूरच्या माणसानेच ऐकावं असं आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळ्या आणि पिवळ्या मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते तेव्हा इतवारी-महालचे रस्ते 'घेऊन जा गे मारबत' या आरोळीने दणाणून जातात. रोगराई ने, महागाई ने, भ्रष्टाचार ने. त्या वर्षी ज्याचा राग असेल ते ने. तिने हीच आरोळी धृपदाला घेतली आहे आणि लेकराला थोपटावं इतक्या हळू म्हटली आहे. मारबतीला ती सांगते: आईचा दुखरा गुडघा घेऊन जा, शेजारच्या पोराची बाटली घेऊन जा, होस्टेलच्या खोलीतली डोळ्याला डोळा न लागणारी रात्र घेऊन जा, 'तुला जमणार नाही' म्हणणारा तो आतला आवाज घेऊन जा. जे मागणं आजवर आपण ओरडूनच ऐकलं, ते एखादी बाई एकटीच, चुलीपाशी बसून मागत असेल तर कसं मागेल, हे या गाण्याने मला पहिल्यांदा ऐकवलं.

सगळी गाणी इतकी उतरलेली नाहीत, हेही सांगतो. शहरातल्या पावसावरचं गाणं मला पोकळ वाटतं. त्यातले शब्द फार गाण्यांत फिरून आलेले आहेत आणि तिथे तिचा आवाजही उगाच नाजूक होतो. सातव्या गाण्यात मधलं वाजवणं लांबलं आहे. शेवटी दीड मिनिटाच्या ओव्या आहेत, गिटारशिवाय. त्या इतक्या चांगल्या आहेत की आणखी चार हव्या होत्या. पहिल्या अल्बममध्ये असं कमी-जास्त असायचंच.

भाषेबद्दल मात्र बोलायला हवं, कारण त्याचा तुमच्या स्टेजशी थेट संबंध आहे. नऊपैकी सहा गाणी वऱ्हाडीत आहेत. आपल्या कार्यक्रमात वऱ्हाडी आली की लोक हसायला तयार होऊन बसतात, कारण एकपात्री, हास्यकविता आणि रील यांतच आपण तिला बसवलं आहे. त्या कार्यक्रमांशी माझं भांडण नाही, त्यांत मी मनापासून हसतो. पण ज्या बोलीत आपल्या घरी माणूस गेल्यावर रडतात, ज्या बोलीत बाप कर्जाचं लपवतो आणि आई पोरीची समजूत घालते, त्या बोलीला स्टेजवर गंभीर होण्याची संधीच मिळू नये हे मला फार लागतं. ही मुलगी वऱ्हाडीत गाते ते लोकांना हसवण्यासाठी नाही आणि माती-माती करून टाळ्या मिळवण्यासाठीही नाही. तिला जे सांगायचं आहे ते तिच्याजवळ त्याच बोलीत आहे.

आता कार्यक्रमाचं सांगतो. गेल्या हिवाळ्यात तिला एका मोठ्या कार्यक्रमात बोलावलं होतं आणि साउंड माझा होता. कार्यक्रम कोणाचा ते महत्त्वाचं नाही. बक्षीसवाटप आणि ऑर्केस्ट्रा यांच्या मधली जागा तिला दिली होती. साउंडचेकच्या वेळेला स्टेजवर फुलांची सजावट आणि फ्लेक्स लावणं चालू होतं, म्हणून तो झालाच नाही. स्टेजच्या दोन्ही अंगांना ऑर्केस्ट्रासाठीचे बेसचे खोके आणि समोर मॉनिटर, म्हणजे गाणाऱ्याकडे तोंड केलेला स्पीकर. अशा ठिकाणी पिकअप, म्हणजे गिटारवरच बसवलेलं आवाज घेणारं यंत्र, नसलेली गिटार माइकसमोर धरली की काय होतं ते तुम्हाला माहीत असायला हवं. गिटारची पोकळी साधारण १०० हर्ट्झच्या आसपास स्वतःच घुमते. स्पीकरमधून तोच सूर जोरात परत आला की पोकळी आणखी घुमते, ते माइक पकडतो, पुन्हा स्पीकरमध्ये जातं, आणि काही क्षणांत हूं असा आवाज सुटतो. तो थांबवायला मी खालचे सूर कापले. कापले की तिचा खालचा सा गेला. ज्या सा-पच्या आधारावर सगळं गाणं उभं आहे तोच गेला, आणि मागे उरला नुसता तारांचा कचकचाट.

तेवढ्यात एक कार्यकर्ता धावत आला: 'आवाज सुका वाटतो, इको वाढवा.' हे मला जवळजवळ प्रत्येक कार्यक्रमात ऐकावं लागतं, म्हणून इथे एकदाच नीट सांगतो. इको म्हणजे शब्दाच्या मागे त्याच शब्दाची शेपूट लावणं. घोषणेला ती शोभते, मोठ्या ऑर्केस्ट्राच्या गाण्यात थोडी चालते. जिथे एका ओळीत बारा शब्द आहेत आणि बाराही ऐकू यायला हवेत तिथे इको लावला की चौथ्या शब्दावर पहिल्याची शेपूट पडते. मग कोणाला काहीच कळत नाही आणि लोक म्हणतात, गाणं संथ आहे.

त्या दिवशीच्या दुसऱ्या गाण्याआधी ती तारा जुळवायला थांबली. अर्धा-एक मिनिट लागतं त्याला. निवेदकाने लगेच माइक घेऊन प्रायोजकांची नावं वाचायला सुरुवात केली. तार जुळवताना कान लावावा लागतो. त्या गोंगाटात तिला स्वतःची तार ऐकू येईना. पहिल्या ओळीतून कोणी तरी म्हणालं, 'पोरी, काही तरी उडतं म्हण.' ती दोनच गाणी म्हणून उतरली. बागेचं गाणं राहून गेलं.

तारा जुळवण्याच्या त्या थांब्याबद्दल एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. इंग्लंडमध्ये निक ड्रेक नावाचा एक तरुण होऊन गेला. १९६९ साली, एकविसाव्या वर्षी, त्याचा पहिला अल्बम आला आणि १९७२पर्यंत आणखी दोन. तिसरा तर दोन रात्रींत रेकॉर्ड झाला, नुसती गिटार आणि आवाज, एका गाण्यात तेवढा थोडा पियानो. तोही वेगवेगळी ट्यूनिंग वापरायचा, गाण्यांच्या मधे तारा जुळवत बसायचा आणि तेवढ्यात क्लबमधले लोक गप्पांना लागायचे. त्याने स्टेजवर जाणं जवळजवळ सोडूनच दिलं. त्या वेळी त्याच्या कुठल्याच अल्बमच्या पाच हजार प्रतीही खपल्या नाहीत. १९७४ साली, सव्वीसाव्या वर्षी, तो गेला. आज जगभर एकटी गिटार घेऊन गाणारी पोरं त्याचं वाजवणं एकेका बोटाने शिकतात. त्याच्या आयुष्याचं खापर मी क्लबातल्या गप्पांवर फोडत नाही. त्याचं दुखणं मोठं होतं. पण त्या खोल्यांत बसलेल्या लोकांना समोर काय चाललं आहे ते ऐकूच आलं नाही, एवढं खरं आहे.

'अशा गाण्याला पब्लिक बसत नाही,' असं तुम्ही म्हणाल. आपल्या विदर्भानेच याचं उत्तर दिलेलं आहे. तुकडोजी महाराज एक खंजेरी घेऊन बसायचे आणि गावंच्या गावं ऐकायची. १९६८ साली ते गेले तरी मोझरीला त्यांच्या आश्रमात आणि खेड्यापाड्यांतल्या भजनी मंडळांत खंजेरी अजून वाजते, आणि आपल्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. एक माणूस, एक वाद्य, स्वतःचे शब्द, ही परंपरा आपल्याकडे बाहेरून आलेली नाही. फरक इतकाच की भजनाला बसलेला माणूस ऐकायला बसलेला असायचा. बक्षीसवाटपाला आलेला माणूस स्वतःच्या मुलाचं नाव कधी पुकारतात याची वाट बघत असतो. त्याची काही चूक नाही. त्याच्यासमोर हे गाणं ठेवणाराची आहे.

पैशांचं बोलतो. त्या कार्यक्रमात मंडपवाल्याला पैसे मिळाले, जनरेटरवाल्याला मिळाले, स्मृतिचिन्हं बनवणाऱ्याला मिळाले, मला मिळाले. गाणारीला शाल आणि श्रीफळ मिळालं आणि 'एवढं मोठं स्टेज मिळालं ना' असं सांगण्यात आलं. सत्काराला माझा विरोध नाही. पण गिटारच्या तारा शाल देऊन येत नाहीत.

'ऑनलाइन ऐकतात ना लोक, तिथे मिळत असतील पैसे,' असाही समज आहे. एका वेळच्या ऐकण्याचे पैसे रुपयात नाही, पैशांत मोजावे लागतात. त्यात स्पॉटिफायने २०२४पासून नियम केला आहे की मागच्या बारा महिन्यांत एखादं गाणं किमान १,००० वेळा ऐकलं गेलं नसेल तर त्या रेकॉर्डिंगची रॉयल्टीच सुरू होत नाही. वऱ्हाडीतल्या, जाहिरात न केलेल्या गाण्याला हजाराचा आकडा फार मोठा आहे. तेव्हा फोनवर तिचं गाणं ऐकणाऱ्यांनी ऐकत राहावं, पूर्ण ऐकावं, आणि ती जिथे अल्बम विकत असेल तिथून विकत घ्यावा. पण तिचं पोट भरायचं असेल तर ते प्रत्यक्ष कार्यक्रमांतूनच भरेल, आणि तो भाग तुमच्या हातात आहे.

आणखी एक. स्वतः लिहून स्वतः चाल देणारी मुलगी गीतकारही असते आणि संगीतकारही. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली तेव्हा या दोघांचा रॉयल्टीतला वाटा पक्का केला गेला. त्यांच्या वतीने ही रॉयल्टी गोळा करणारी आयपीआरएस ही संस्था १९६९पासून आहे. तुमच्या ज्या कार्यक्रमाला तिचा परवाना लागतो तिथे तो घ्या, आणि कोणाची कोणती गाणी झाली याची यादी जपून ठेवा. ऑर्केस्ट्राच्या कार्यक्रमांत अशी यादी कोणी ठेवत नाही हे मी बघतो. तरुण गाणाऱ्यांनाही माझं सांगणं आहे की आधी सभासद व्हा, गाणी नोंदवा. नाव नोंदलेलंच नसेल तर पैसे कोणाला द्यायचे?

खोलीचं म्हणाल तर नागपुरात सभागृहांची वानवा नाही. रेशीमबागेचं सुरेश भट सभागृह २०१७पासून आहे, जवळपास दोन हजार खुर्च्यांचं. सिव्हिल लाइन्सला वसंतराव देशपांडे सभागृह आहे, लक्ष्मीनगरला सायंटिफिक आहे. नाटकाला, शास्त्रीय मैफलीला, मोठ्या सोहळ्याला त्या जागा उत्तम. एकट्या गिटारला मात्र शंभर-सव्वाशे माणसांची खोली लागते, जिथे शेवटच्या रांगेतल्या माणसालाही गाणाऱ्याचा चेहरा दिसतो आणि नखाचा ठोका स्पीकरशिवायही थोडाफार पोचतो. अशा खोल्या शहरात पुष्कळ आहेत. वाचनालयांचे वरचे मजले आहेत, साहित्य संस्थांची दालनं आहेत, कॉलेजांचे सेमिनार हॉल संध्याकाळी कुलुपात असतात, मुहूर्त नसतात तेव्हा छोटी मंगल कार्यालयं रिकामी पडलेली असतात. फरशी आणि काचांमुळे तिथे आवाज भणभणतो, पण खाली सतरंज्या घातल्या, खिडक्यांना जाड पडदे सोडले आणि माणसं बसली की तो बराच बसतो. त्याला खर्च नाही, आधी जाऊन टाळी वाजवून बघण्याची तसदी तेवढी आहे.

महिना बघून ठेवा. एप्रिल-मे नको. पारा पंचेचाळिशीला टेकल्यावर कूलर बंद ठेवा असं कोणाला सांगता येत नाही, आणि कूलरच्या घरघरीत हे गाणं ऐकू येत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी आपल्याकडे संध्याकाळी पंखासुद्धा फारसा लागत नाही. विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनाचे दिवस तेवढे टाळा, त्या दिवसांत रस्तेही अडलेले असतात. रात्री दहाच्या नियमाची तर काळजीच नाही. सातला सुरू केलं तर साडेआठला लोक घरी.

भाषणं नकोत. दीपप्रज्वलन आणि परिचय करायचाच असेल तर दाराबाहेर, आधी उरका. पाहुण्यांना जरूर बोलवा आणि इतर श्रोत्यांबरोबर खुर्चीवर बसवा. तिकीट ठेवा, थोडं का होईना. फुकटच्या कार्यक्रमाला माणूस मधेच उठतो. गाणारीला गाण्यांच्या मधे तारा जुळवायला वेळ द्या आणि त्या वेळात माइकला कोणी हात लावू नका. ती गाण्याबद्दल दोन वाक्यं बोलली तर बोलली, नाही तर लोक गप्प बसतील. नागपूरच्या माणसाला गप्प बसता येतं. शास्त्रीय मैफलीत त्याला तसं बसलेलं मी पाहिलं आहे.

आणि फर्माईश म्हणून चित्रपटातली गाणी म्हणायला लावू नका. तिच्याजवळ तिची नऊ आहेत, आणि तिला आणखी येणार आहेत.

माझ्याकडून एवढं करतो: तुमच्यापैकी जी संस्था असा पहिला कार्यक्रम ठेवेल तिला साउंड मी विनामूल्य देईन. आवाजाला एक माइक, गिटारला एक कंडेन्सर, दोन लहान स्पीकर, एवढंच लागेल आणि ते माझ्याकडे आहे. वाचलेलं भाडं मानधनात टाका. मानधनाचा आकडा गाणाऱ्याला आधी विचारा, त्यातला निम्मा आधी द्या, आणि पत्रिकेवर गाणाऱ्याचं नाव सगळ्यांत वर छापा. दिवाळीनंतरचा कुठलाही शनिवार कळवा. दुपारी तीन ते पाच हॉल रिकामा हवा, साउंडचेकसाठी.

आपला,
एक साउंडवाला, नागपूर